तिसऱ्या मजल्यावरचे ठोके

“पाइप बोलतोय! शप्पथ सांगतो, आतला पाइप बोलतोय!”

भोंगा बाथरूममधून सुसाट बाहेर आला. डोक्यावर शॅम्पूचा फेस, कमरेला कसाबसा गुंडाळलेला टॉवेल आणि मागे फरशीवर ओल्या पावलांची रांग!

“हो का? आणि काय म्हणतोय तो?” घुबडाने पुस्तकातून मान वर न काढता विचारलं. “कानामागे नीट साबण लाव, म्हणतोय?”

खारू खुदकन हसली. ताई मात्र वैतागली. “आधी डोकं धुऊन ये. अख्खी खोली साबणाची करशील!”

घरातल्या या नावांना तशीच कारणं होती. ताई सगळ्यांत मोठी, तेव्हा ती सगळ्यांचीच ताई. तिचा पाठचा भाऊ साधं ‘मीठ दे’ म्हणाला तरी शेजारपाजाऱ्यांना मीठ घेऊन यावंसं वाटायचं, म्हणून तो भोंगा. चुलतभाऊ गोल चष्म्याचा आणि कायम वाचत बसणारा, म्हणून घुबड. आणि त्याची धाकटी बहीण जिथे तिथे चढून बसायची, म्हणून खारू. आत्याने दोन्ही भावांची ही चार मुलं सुट्टीत गोळा करून या भल्यामोठ्या शहरात आणली होती. आठवडाभरासाठी चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने घेतला होता. शहर दाखवायचं ठरलं होतं खरं, पण ऊन असं काही तापायचं की दहाच्या पुढे रस्त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. जिन्याच्या कठड्याला हात लावला तरी चटका बसायचा आणि थंड पाण्याच्या नळालासुद्धा गरम पाणी यायचं.

“मी बोलतो त्यावर कोणाचा विश्वासच नाही!” भोंगा पाय आपटत म्हणाला. “या ना, तुम्हीच ऐका!”

चौघं बाथरूममध्ये दाटीवाटीने उभे राहिले. दार नीट बंद होऊ नये म्हणून मध्ये बादली ठेवलेली होती. तसं करावंच लागायचं. किल्ली देतानाच मॅनेजरने हसत हसत सांगितलं होतं, “बाथरूमचं हँडल जरा ढिलं आहे हं! दार पूर्ण ओढू नका. बाकी टेन्शन नको!” तरी दुसऱ्याच दिवशी खारू आत अडकली होती. हँडल तिच्या हातातच आलं होतं. शेवटी घुबडाने बाहेरच्या चौकोनी भोकात कात्रीचं टोक घालून, फिरवून दार उघडलं होतं.

“श्श!” ताईने ओठांवर बोट ठेवलं.

ठक्. ठक्. ठक्.

मग शांतता. आणि पुन्हा... ठक्. ठक्. ठक्.

“अरे, नळात हवा भरली की पाइप असाच वाजतो,” आतोबा बाहेरूनच म्हणाले. ते बूट घालत होते. परतीच्या तिकिटांचा काहीतरी घोळ झाला होता आणि तो निस्तरायला आत्या आणि ते स्टेशनवर निघाले होते. “जुन्या इमारतीत भुताखेतांपेक्षा प्लंबिंगच जास्त आवाज करतं!”

“पण आतोबा, ते अगदी एकसारखं...”

“ताई, तू तरी शहाणी ना? सांभाळ यांना. उन्हात बाहेर जायचं नाही. इमारत सोडायची नाही. कलिंगड कापून ठेवलंय. संध्याकाळी मत्स्यालय बघायला जाऊ.” आत्याने एका दमात सगळ्या सूचना दिल्या आणि दोघं लिफ्टमध्ये शिरली.

दार बंद झालं. ताई तशीच बाथरूमच्या पाइपकडे बघत उभी होती.

“हवा असेल,” ती हळूच म्हणाली, “तर हवेला मोजता येत नसणार.”

तिने स्टीलचा मग उचलला आणि पाइपावर चार ठोके दिले. ठक्, ठक्, ठक्, ठक्.

सगळे श्वास रोखून उभे राहिले. भोंगासुद्धा!

आणि पाइपातून उत्तर आलं. चार ठोके.

खारूने घुबडाचा दंड घट्ट धरला. ताईने पुन्हा दोन ठोके दिले. क्षणभराने दोनच ठोके परत आले. मग एकदम घाईघाईने, एकामागून एक, पुष्कळ ठोके आले. कुणीतरी जिवाच्या आकांताने बडवत असल्यासारखे.

“माणूस आहे तिकडे,” घुबड म्हणाला. “कुणीतरी अडकलंय.”

“वर की खाली?” भोंगाने चक्क कुजबुजत विचारलं.

खारू तोपर्यंत कमोडच्या टाकीवरून वरच्या झडपेपर्यंत पोचलीसुद्धा. झडपेला आडव्या काचेच्या पट्ट्या होत्या. त्या पलीकडे इमारतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत गेलेला अरुंद, अंधारा डक्ट. सगळ्या बाथरूमच्या झडपा त्यात उघडत होत्या आणि गच्चीवरच्या कुठल्यातरी मोठ्या यंत्राची घरघर त्यात सतत घुमत होती. तिने पट्ट्यांना कान लावला.

“खालून येतंय. आणि अगदी जवळून!”

भोंगाने तिच्या शेजारी तोंड नेलं आणि छाती भरून आरोळी ठोकली, “कोण आहे ऽऽऽ?”

घरघरीने त्याचा आवाजसुद्धा गिळून टाकला! काही उत्तर आलं असेल, तर तेही.

“चला तिसऱ्या मजल्यावर,” ताई म्हणाली. “इमारत सोडायची नाही एवढंच आत्या म्हणालीय. जिना इमारतीतच आहे.”

तिसऱ्या मजल्यावर शुकशुकाट होता. समोरासमोर दोन फ्लॅट. एका दाराला भलंमोठं कुलूप. दुसरा फ्लॅट बरोबर त्यांच्या फ्लॅटखालचा. त्याच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं आणि वर कागद चिकटवलेला होता : ‘दुरुस्तीचे काम चालू. प्रवेश बंद.’

“काम चालू असतं तर सिमेंट, रंग, धूळ, काहीतरी दिसलं असतं,” घुबड वाकून उंबऱ्याजवळ बघत म्हणाला. “इथे तर फरशी लख्ख आहे.”

“आणि काल खाली उभी होते तेव्हा याच फ्लॅटच्या एसीचं पाणी माझ्या डोक्यावर टपकत होतं,” खारू म्हणाली. “कोणी राहत नाही तर एसी कुणासाठी?”

ताईने बेल दाबली. काहीच नाही. भोंगाने दारावर थापा मारल्या. काहीच नाही.

आणि मग आतून आवाज आला. माणसाचा नव्हे, मोबाइलचा! कुठल्यातरी मजेशीर गाण्याची रिंगटोन बंद दारापलीकडे वाजत राहिली. वाजून वाजून थांबली. लगेच पुन्हा वाजू लागली. कुणी तो फोन उचलत नव्हतं. ते आनंदी गाणं ऐकून खारू ताईला चिकटली.

“ए! तिथे काय चाललंय?”

चौघं दचकून वळले. जिन्यात मॅनेजर उभा होता. डोक्यावर चढवलेला काळा गॉगल, बोटात गरगर फिरणारा किल्ल्यांचा जुडगा. या इमारतीतले सुट्टीसाठी भाड्याने जाणारे सगळे फ्लॅट तोच सांभाळायचा.

“काका, आत कुणीतरी अडकलंय!” भोंगा ओरडला. “पाइपावर ठोके मारतंय!”

मॅनेजरच्या बोटातला जुडगा फिरायचा थांबला. पण क्षणभरच. “छे, छे! आत चिटपाखरू नाही. दोन महिने बंद आहे हा फ्लॅट. वायरिंग उखडून ठेवलंय, लाइटसुद्धा नाही. किल्ली, कोड, सगळं मालकाकडे. आणि मालक परदेशात! टेन्शन नको. पळा वर!”

“पण आत फोन...”

“पळा म्हटलं ना!” त्याचा आवाज एकदम चढला. “मजल्यामजल्यांवर हुंदडत राहिलात तर तुमच्या मोठ्यांना सांगून आजच फ्लॅट खाली करायला लावीन!”

ताईने भोंगाच्या पायावर पाय दिला. “सॉरी काका,” ती गरीब चेहऱ्याने म्हणाली. चौघं निमूट वर गेले.

वर दार लागताच भोंगा उसळला. “पाय का दिलास? मी चांगला सुनावणार होतो!”

“म्हणूनच दिला! तो खोटं बोलतोय. लाइट नाही तर एसी चालतो कसा? आपल्याला काय काय कळलंय ते त्याला कशाला सांगायचं?”

“आत्याला फोन लाव,” घुबड म्हणाला.

ताईने लावला. आत्याचा फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर चार्जिंगला वाजू लागला! आतोबांचा फोन लागेचना. बाथरूममधून मधूनच ठोके येत होते. पण आता ते पहिल्यासारखे नव्हते. ठक्... बऱ्याच वेळाने ठक्.

“मंदावलेत,” खारू रडवेली झाली. “ताई, ते मंदावलेत!”

“फायर ब्रिगेडला कळवू. पण मुलं गंमत करतायत असं वाटलं तर? आत खरंच माणूस आहे, हे आपल्याला आधी स्वतःला पक्कं कळलं पाहिजे.” ताईने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेली. मग हातातल्या मोबाइलवर. “घुबडा, पारदर्शक पिशवी आण. आपण जाऊ शकत नाही. फोन जाऊ शकतो!”

ताईचा फोन पिशवीत गेला. टॉर्च चालू, व्हिडिओ चालू. घुबडाने दोरीची गाठ तीन-तीनदा ओढून पाहिली. खारूने टाकीवर चढून झडपेतल्या दोन काचा अलगद सरकवून काढल्या आणि भोंगाच्या हातात दिल्या. ताईने तिचे पाय कवटाळून धरले.

“डोकं बाहेर काढायचं नाही. फक्त हात. कळलं?”

“कळलं गं!”

फोन डुलत डुलत अंधारात उतरू लागला. टॉर्चच्या उजेडात काळपट भिंत, गंजलेले पाइप, जळमटं दिसली. डक्टमधून गरम वाफ वर येत होती. खारूच्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

“थोडं डावीकडे,” घुबड म्हणाला. “आपली झडप जिथे आहे, बरोबर तिच्याच खाली त्यांची असणार.”

खट्! फोन कशावर तरी आदळला. दोरी एकदम सुटली, वीतभर सर्रकन गेली!

“धर! धर! धर!” तिघं एकदम ओरडले.

“धरलीय!” खारूने दात आवळले. तिच्या तळव्यावर लाल वळ उठला होता. ती हलली नाही. फोन खाली एका जागी हिंदकळत राहिला. आणि मग ती पुटपुटली, “दोरी... कुणीतरी ओढतंय. आई गं! कुणीतरी खालून हळूच ओढलं!”

“वर घे!”

फोन हातात आल्यावर चौघांची डोकी त्यावर एकत्र आली. पडद्यावर आधी नुसता अंधार आणि घरघर. मग खालच्या झडपेच्या काचा. काचांमधून बाहेर लोंबणारं टॉवेलचं टोक. आणि त्याच्या शेजारी थरथरणारी, सुरकुतलेली बोटं! बोटं फोनकडे आली, पिशवीला लागली. घरघरीतून तुटक आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा.

“...दार उघडत नाही... सकाळपासून... डायबेटिस आहे मला... लवकर...”

पुढे काही बोलायचंच उरलं नाही. ताईने तिथल्या तिथे फायर ब्रिगेडचा नंबर फिरवला. इमारत कुठली, फ्लॅट कितवा, आत कोण, काय ऐकलं, काय पाहिलं, सगळं तिने सांगितलं. पलीकडच्या माणसाने तिचं बोलणं एकदाही तोडलं नाही.

“गाडी निघतेय,” तो म्हणाला. “पण बाळा, शहराच्या त्या टोकाला गोदाम पेटलंय, आमच्या बऱ्याच गाड्या तिकडे आहेत. थोडा वेळ लागेल. तोपर्यंत त्यांच्याशी बोलत राहा. त्यांना झोपू देऊ नका.”

भोंगाने मग घेऊन पाइपावर ठोके दिले. एक, दोन, तीन.

उत्तर नाही.

त्याने पुन्हा दिले. जोरात. पाइप दणाणला.

उत्तर नाही!

इतकी भयंकर शांतता भोंगाने आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

“दार आत्ताच उघडायला हवं,” घुबड म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. “कोड त्या मॅनेजरला माहीत आहे. मालकाला न सांगता तो हा फ्लॅट भाड्याने देत असणार! म्हणून दारावर तो कागद, म्हणून तो आपल्याला हाकलत होता. त्याला वाटत असणार, बाई केव्हाच निघून गेल्या. आता ‘आत कुणी आहे’ असं कबूल केलं, तर त्याचं बिंग फुटणार.”

“व्हिडिओ दाखवू त्याला!” भोंगा म्हणाला.

ताई बाल्कनीतून खाली बघत होती. “दाखवायला तो थांबला तर! तो बघ, स्कूटर काढतोय.”

खरंच! मॅनेजर घाईघाईने स्कूटर बाहेर घेत होता. मुलांच्या प्रश्नांनी त्याला चांगलाच घाम फुटलेला दिसत होता.

“त्याला आपण ओढून आणू शकत नाही,” ताई म्हणाली. “तो आपणहून पळत आला पाहिजे. आणि आपणहून कोड दाबला पाहिजे. त्याला सगळ्यांत जास्त भीती कशाची असेल?”

“मालकाच्या फ्लॅटची नासाडी व्हायची!” घुबड ताडकन उभा राहिला. “नळ चालू राहिला, पाणी साचलं, दाराखालून बाहेर आलं...”

“बादल्या!” खारू किंचाळली.

घुबड आणि खारू दोन भरलेल्या बादल्या घेऊन जिना उतरले. भोंगा बाल्कनीच्या कठड्याशी गेला. त्याने छाती फुगवली. आजवर ज्या आवाजापायी त्याने शाळेत, घरात, बसमध्ये बोलणी खाल्ली होती, तो सगळा आवाज त्याने आज मोकळा सोडला.

“मॅनेजरकाका ऽऽऽ! पाणी ऽऽऽ! तिसऱ्या मजल्यावर पाणी ऽऽऽ! दाराखालून येतंय! जिन्यावरून वाहतंय ऽऽऽ!”

रस्त्यापलीकडच्या झाडावरची कबुतरं उडाली. मॅनेजरने वर पाहिलं. स्कूटर तशीच आडवी टाकून तो आत धावला.

तो धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत पाणीच पाणी झालं होतं. बादल्या वरच्या वळणाआड गेल्या होत्या. “मेलो! लाकडी फरशी आहे आतली! मेलो!” असं पुटपुटत त्याने कुलपाचे आकडे दाबले. लाल दिवा लागला. घाईत आकडा चुकला होता. पुन्हा दाबले. हिरवा दिवा!

“कोड मालकाकडे असतो ना, काका?” ताईने मागून शांतपणे विचारलं.

मॅनेजर गर्रकन वळला. तेवढ्यात भोंगाने उघड्या दारात रिकामी बादली सारली आणि खारू त्याच्या हाताखालून आत सटकलीसुद्धा!

“बाहेर व्हा! आधी बाहेर...” त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

आत कुठेही पाण्याचा थेंब नव्हता. एसी मजेत चालू होता. दाराशी नीट बांधलेली बॅग उभी होती, तिच्याजवळ जोडीने ठेवलेल्या बायकांच्या चपला. पलंगावर मोबाइल पुन्हा तेच आनंदी गाणं गात होता. पडद्यावर नाव झळकत होतं : ‘लेक’.

ताई बाथरूमच्या दाराकडे धावली. तिने हँडल ओढलं. ते सरळ हातातच आलं.

“हे... हे दुरुस्त करायचं राहून गेलं,” मॅनेजर भिंतीला टेकला. “त्या सकाळी सहाला निघणार होत्या. म्हणाल्या होत्या, दार ओढून घेईन. मला वाटलं, गेल्या...”

“आजी! आजी, ऐकू येतंय का?” ताई दार बडवू लागली. आतून काही नाही. तिने खांद्याने धक्का दिला. दार हललंही नाही.

“सरक!” घुबडाने खिशातून कात्री काढली. वरून निघतानाच त्याने ती घेतली होती. त्याने टोक चौकोनी भोकात घातलं आणि फिरवलं. सटकलं. कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला. त्याने कात्री आणखी आत सारली, दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि सगळा जोर लावला. खटक्!

दार उघडताच आतून गरम हवेचा लोट अंगावर आला. डोक्यावर ओला टॉवेल घेतलेली एक आजी पाइपाला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मान छातीवर कलंडलेली, मांडीवरच्या मुठीत तुटलेलं हँडल. त्यानेच ती सकाळपासून ठोकत होती.

“आजी!” ताईने तिचे खांदे धरले.

पापण्या हलल्या. ओठही. ताईने कान जवळ नेला.

“साखर...”

“खारू! साखर!”

खारू अशी उडाली, की तिची पावलं जिन्याला लागली की नाही कुणास ठाऊक! डबा छातीशी धरून ती परत आली तेव्हा तिघांनी आजीला सावकाश ओढून बाहेरच्या गारव्यात आणलं होतं. ताईने पेल्यात साखरेचं पाणी कालवलं, डोकं वर धरलं.

“हळू...” आजीच सांगत होती, डोळे मिटून. “घोट घोट. घाई नको. पाय... जरा उंच.”

घुबडाने पायांखाली उशी सरकवली. एक घोट गेला, मग दुसरा. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग आजीने डोळे उघडले आणि आपल्यावर वाकलेले चार घामाघूम चेहरे पाहिले.

“नर्स होते मी,” ती पुटपुटली. “आयुष्यभर लोकांना सांगितलं, घाबरू नका. आज मात्र... चांगलीच घाबरले होते, बरं का!”

खारूला एकदम हुंदका फुटला. आजीने तिचा हात हातात घेतला.

दाराशी मॅनेजर चुळबुळत होता. ताई उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. “काका, खाली जा. लिफ्ट धरून ठेवा. फायर ब्रिगेडची माणसं येतायत, त्यांना थेट इथे आणा.”

तो मोठा माणूस मान खाली घालून निघाला.

“टेन्शन नको, काका!” भोंगा त्याच्या दंडाला चिकटला. “मी आहे ना सोबत. सुटका नाही तुमची!”

आत्या आणि आतोबा रिक्षातून उतरले, तेव्हा इमारतीपुढे लाल गाडी उभी होती. शेजारी रुग्णवाहिका. “माझी मुलं! माझी मुलं कुठेयत?” करत आत्या जिन्याने धावली. चौघंही धडधाकट दिसल्यावर आधी तिने प्रत्येकाला चाचपून पाहिलं आणि मगच तिला रडू कोसळलं.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी आजीला तपासलं. “साखर फार खाली गेली होती,” त्या म्हणाल्या. “आणि त्या खोलीत ही उष्णता! आणखी थोडा उशीर झाला असता, तर मला आत्ता तुमच्याशी असं बोलता आलं नसतं.”

अग्निशमन दलाचे अधिकारी उंचेपुरे होते, हेल्मेट काखेत. “फोन कुणी केला होता?”

ताईने हात वर केला.

“मोठी माणसं घाबरून नुसती किंचाळतात. तू मजल्यापासून आजारापर्यंत सगळं सांगितलंस. आमच्या मुलांना मी हे उदाहरण देणार आहे.” मग त्यांनी कात्री, दोरी, बादल्या, सगळ्याची हकीकत ऐकली. बादल्यांशी येईपर्यंत त्यांच्या मिशा हलायला लागल्या होत्या. मॅनेजरकडे वळताना मात्र त्या थांबल्या. “आणि तुम्ही! आत फोन वाजतोय म्हणून मुलं सांगत होती, तरी तुम्ही दार उघडलं नाहीत?”

मॅनेजरने डोक्यावरचा गॉगल काढून खिशात घातला. थोड्या वेळाने पोलीस त्याला घेऊन गेले. परदेशातल्या मालकाशी बोलणं झालं तेव्हा उघड झालं, की त्याला या भाडेकरूंचा पत्ताच नव्हता. घुबडाचा तर्क अगदी बरोबर होता. दुसऱ्याच दिवसापासून इमारतीत सुतार आला आणि एकेका फ्लॅटमधलं हँडल बदलू लागला.

आतोबा भोंगासमोर येऊन उभे राहिले.

“मी म्हणालो हवा आहे. तुम्ही ऐकलंत म्हणून बरं झालं... म्हणजे, माझं ऐकलं नाहीत म्हणून!”

“आतोबा, एक वचन द्या,” भोंगा म्हणाला. “यापुढे मला ‘हळू बोल’ म्हणायचं नाही!”

“आठवडाभर नाही म्हणणार.”

“फक्त आठवडाभर?”

“कानांचाही विचार कर रे!”

हॉस्पिटलमधून आजीला संध्याकाळी सोडलं. तिची गाडी केव्हाच निघून गेली होती आणि लेक दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होती. “मग रात्री आमच्याकडेच,” आत्या म्हणाली. तिने कुणाला विचारलंच नाही.

आजीसाठी आतली खोली तयार केली होती. पलंगावर स्वच्छ चादर, एसी लावून खोली गार केलेली. आजी दारापर्यंत गेली. आत पाहिलं. आणि उंबऱ्यावरच थांबली.

“मी बाल्कनीत बसू का?” तिने विचारलं.

“बाहेर अजून भट्टी आहे हो! दार उघडलं तर सगळा गारवा जाईल,” आतोबा म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आतोबांनी उठून एसी बंद केला. ताईने बाल्कनीचं दार उघडलं. घुबडाने खोल्यांची दारं उघडून प्रत्येकाला खुर्ची लावली. भोंगाने बाहेरचं दारसुद्धा सताड उघडलं. गरम वारा घरभर शिरला. खाली रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागत होते, कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं.

आजी खुर्चीत बसली. खारू तिच्या पायाशी. सगळ्यांचे कपडे घामाने अंगाला चिकटले, तरी कुणी आत जायचं नाव काढेना.

“किती छान वारा आहे ना!” आजी म्हणाली.

“खूपच छान!” घाम पुसत सहाही जण एकदम म्हणाले.

आणि आतोबांनी उठून सगळ्यांसाठी कलिंगड आणलं.